टायमिंग चेन बदललेलं १.३ डिझेल घ्यावं का? (स्विफ्ट, १.४२ लाख किमी)

घाटमाथा | सोमवार, रात्री ९:१०

२०१३ च्या स्विफ्ट व्हीडीआयचा व्यवहार जवळपास ठरलाय. इंजिन तेच सगळ्यांच्या ओळखीचं, १२४८ सीसी, ७५ एचपीचं डीडीआयएस, म्हणजे मूळचं फियाटचं मल्टिजेट. मीटरवर १,४२,००० किमी. टायमिंग चेन (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ राखणारी साखळी) १,१८,००० ला बदलली आहे. बिलातल्या ओळी जशाच्या तशा:

टायमिंग चेन १, चेन टेन्शनर १, चेन गाईड १, क्रँक ऑइल सील १, सीलंट, इंजिन ऑइल साडेतीन लिटर, ऑइल फिल्टर, मजुरी.

स्प्रॉकेट (चेन जिच्या दातांवर फिरते ती चक्री) एकही नाही, दुसरी गाईड नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट केली की ड्रायव्हरच्या बाजूने, पुलीकडून, दोनेक सेकंद खडखड येते आणि मग शांत. तीन तासांनी पुन्हा स्टार्ट केली तर काही नाही. चेक इंजिनचा दिवा नाही, धूर नाही, पिकअप व्यवस्थित.

प्रश्न दोन. काम अर्धवट झालंय का? आणि इथून पुढे किती किमीचा हिशोब धरावा? 'चेन नवी आहे, आता बघायला नको' हे विकणारा सांगतोच आहे.

तेरा नंबरी पाना | सोमवार, रात्री १०:२५

काम अर्धवटच झालंय. या इंजिनाच्या पूर्ण किटमध्ये चेन, हायड्रॉलिक टेन्शनर (तेलाच्या दाबावर चेन ताणून धरणारा), दोन्ही बाजूंच्या प्लास्टिक गाईड (चेन जिच्यावरून घसरते ती पट्टी; एक स्थिर, एक टेन्शनर जिच्यावर दाबतो ती हलती), कॅमचं स्प्रॉकेट, क्रँकचं स्प्रॉकेट, क्रँकचं पुढचं सील आणि नवे बोल्ट येतात. तुमच्या बिलात यातलं निम्मंच आहे.

स्प्रॉकेट का बदलायचं ते सांगतो, कारण 'दात तर चांगले दिसतात' म्हणून तेच सर्रास वगळलं जातं. चेन 'ताणते' असं आपण म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखं ताणत नाही. झिजते ती प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश. एका सांध्यात एक शतांश मिलिमीटर झीज धरली तर शंभर कड्यांच्या चेनची लांबी १ मिमी वाढते. लांबी वाढली म्हणजे दोन कड्यांमधलं अंतर वाढलं. मग ती चेन स्प्रॉकेटच्या दातावर थोडी वर चढून बसते आणि दाताचं तोंड त्याच मापाने घासून घेते. लाखभर किमीनंतर दात आणि जुनी चेन एकमेकांना सरावलेले असतात. त्या दातांवर नवी, नेमक्या मापाची चेन चढवली की सगळे दात भार वाटून घेत नाहीत, दोन-तीन दातच ओढतात. नवी चेन पहिल्या वीस-तीस हजारांतच जुन्या स्प्रॉकेटच्या मापाला येते.

आता टायमिंगवर काय होतं ते. ओढणारी बाजू क्रँकपासून कॅमपर्यंत समजा चाळीस कड्यांची आहे. प्रत्येकी एक शतांश म्हणजे ०.४ मिमी. कॅम स्प्रॉकेटची त्रिज्या ५० मिमी धरली तर कॅम जवळपास अर्धा अंश मागे पडतो, म्हणजे क्रँकच्या मोजणीत एक अंश. टेन्शनर ढिली बाजू खेचून घेतो, आवाज बंद करतो, पण हा मागे पडलेला अंश तो भरून काढू शकत नाही. म्हणूनच काही गाड्या अजिबात आवाज न करता पी००१६ कोड देतात, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. आवाज नाही म्हणजे चेन चांगली, असं समजू नये.

खुळखुळा | सोमवार, रात्री ११:०२

पाना साहेबांशी सहमत, पण थांबा. दोन सेकंदांची खडखड चेनचीच आहे हे अजून ठरलेलं नाही. त्याच बाजूला अल्टरनेटरची पुली, एसीची पुली, बेल्टचा टेन्शनर आणि वॉटर पंप आहे. या इंजिनात वॉटर पंप बाहेरच्याच बेल्टवर चालतो.

तपासायची पद्धत सोपी: रात्रीच तो बेल्ट काढून ठेवा. सकाळी थंड इंजिन स्टार्ट करा, दहा-पंधरा सेकंद चालवा, बंद करा. पंप फिरत नाही, म्हणून त्याहून जास्त नको. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे. खडखड तशीच आली तर ती आतली. गेली तर पुली किंवा बेअरिंग, आणि तो खर्च चेनच्या तुलनेत चिल्लर.

आतली निघाली तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर (चेनवरच्या झाकणावर) आणि मूठ कानाला. खाली क्रँकजवळ, मध्ये गाईडच्या उंचीला आणि वर कॅमजवळ, तिन्ही ठिकाणी ऐका. टेन्शनर रिकामा असेल तर आवाज मधल्या भागात, प्लास्टिकवर साखळी आपटल्यासारखा येतो. वरून बारीक टकटक येत असेल तर ती हायड्रॉलिक लॅश अॅडजस्टरची (व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबावर भरून काढणारे), तेल पोचायला उशीर झाला की तेही वाजतात. इंजेक्टरची टकटक मात्र दोन सेकंदांत थांबत नाही.

तेलकट हात | मंगळवार, सकाळी ७:४०

दोघांनी पार्टबद्दल सांगितलं, मी तेलाबद्दल सांगतो. या इंजिनात चेन बदलल्यानंतरचं आयुष्य पार्टच्या ब्रँडपेक्षा तेलावर ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेल मावतं फिल्टरसकट जेमतेम तीन ते सव्वातीन लिटर. (साडेतीन लिटरचं बिल म्हणजे पॅक साडेतीनचा, सगळं ओतलं नसेल अशी आशा.) डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराचा फरक. म्हणजे खालच्या खुणेवर पोचलेल्या गाडीत एक तृतीयांश तेल गेलेलं असतं आणि उरलेल्या दोन लिटरवर टर्बो, बेअरिंग, कॅम आणि टेन्शनर सगळे जगत असतात. घाटात वळणावर किंवा कचकन ब्रेक मारला की पिकअपची (तेल खेचणाऱ्या नळीची) जाळी क्षणभर हवा ओढते. टेन्शनर तेलाच्याच दाबावर चालतो. दाब गेला की चेन ढिली आणि तेवढ्यात गाईडवर फटका.

दुसरं, काजळी. डिझेलच्या तेलात काजळी मिसळतेच. त्या कणांचा आकार तेलाच्या पातळ थराएवढा झाला की पिन-बुशच्या सांध्यात ते पॉलिश पेपरसारखे काम करतात. जुन्या काळ्या तेलात चेन जास्त झिजते ती यामुळे.

तिसरं, किमी मोजू नका, तास मोजा. पुण्यात हिंजवडीच्या रस्त्यावर सरासरी वेग २० धरला तर १०,००० किमी म्हणजे ५०० तास. हायवेवर सरासरी ६० धरली तर तेच १०,००० किमी १६७ तासांत. पुस्तकात दोघांनाही एकच मुदत. मारुतीची १०,००० ची मुदत आणि फियाटच्या गाड्यांना दिलेली १५,००० ची, दोन्ही हायवेच्या गाडीला चालतात. शहरात ७,५०० च्या वर जाऊ नये.

तेव्हा घाटमाथा, बिलापेक्षा विकणाऱ्याकडे आधीचा सर्व्हिस रेकॉर्ड मागा. १,१८,००० ला चेन का गेली हे त्यात सापडेल. पंधरा-पंधरा हजारांवर तेल बदललेलं असेल तर नवी चेनही त्याच वाटेने चाललीय.

घाटमाथा | मंगळवार, सकाळी ९:१५

रेकॉर्ड आहे. ९०,००० पर्यंत दर १०,००० ला. मग थेट १,०८,०००, मग १,१८,००० (चेन), त्यानंतर १,२९,००० आणि १,४१,०००. शेवटच्या दोन्ही वेळा बाहेर, फिल्टरचा ब्रँड लिहिलेला नाही, तेल '१५डब्ल्यू-४०'.

तेलकट हात | मंगळवार, सकाळी ९:५०

९०,००० ते १,०८,००० मध्ये काय झालं ते दिसलं. १८,००० किमी एकाच तेलावर.

१५डब्ल्यू-४० वर लोक म्हणतील आपल्याकडे कुठे बर्फ पडतो. बरोबर, पण मुद्दा उणे तापमानाचा नाही. पहाटेच्या १५-२० अंशांनाही ते तेल ५डब्ल्यू-३० पेक्षा घट्टच असतं, वरपर्यंत आणि टेन्शनरच्या बारीक छिद्रातून आत जायला त्याला जास्त वेळ लागतो. या इंजिनाला मॅन्युअलप्रमाणे सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, फियाटच्या गाड्यांना ५डब्ल्यू-४०. ट्रॅक्टरच्या ड्रममधलं तेल नको.

आणि फिल्टर. यात डब्यासारखा नाही, घरात बसणारा कागदी कार्ट्रिज आहे. नकली कार्ट्रिजची उंची किंवा टोकाचं रबर दोन मिलिमीटर इकडेतिकडे असलं तर तो नीट बसत नाही, तेल गाळल्याशिवायच बाजूने जातं. झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी, तेल लावून. इंजिन बंद झाल्यावर तेल खाली उतरून जात असेल तर सकाळी दोन सेकंद खडखड, तीन तासांनी काही नाही. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

नाना गॅरेज | मंगळवार, दुपारी १:३०

तेलकट हात यांना +१. फक्त एक गोष्ट कुणीच विचारली नाही: चेन *खबरदारी म्हणून* बदलली होती की *उडी मारल्यावर*?

या इंजिनात चेन दात चुकली किंवा तुटली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह भेटतात. बऱ्याचदा मधले रोलर रॉकर (कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे हात) आधी तुटतात किंवा जागेवरून उडतात आणि व्हॉल्व्ह बचावतात, पण त्यावर भरवसा ठेवू नये. एखादा व्हॉल्व्ह केसभर वाकलेला असला तरी गाडी चालते, पिकअपही जाणवत नाही, आणि सीटवर नीट न बसणारा तो व्हॉल्व्ह वीस-तीस हजार किमीत जळतो. मग लोक म्हणतात, 'चेन बदलल्यावर हेड गेलं.' हेड चेन बदलल्यामुळे गेलेलं नसतं.

बिलात रॉकर आर्म आणि लॅश अॅडजस्टर नाहीत, ही चांगली खूण. पण बिल दोन ठिकाणचं असू शकतं. म्हणून कॉम्प्रेशनपेक्षा लीक-डाऊन टेस्ट करून घ्या. प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून हवा भरायची आणि कान लावायचा. हवा इनटेककडून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंग. चार सिलिंडरमध्ये एकच वेगळा दिसला तर व्यवहार सोडा. चारही सारखे थोडे उतरलेले असतील तर ते वयाचं.

दुसरं, तुटलेली गाईड. जुन्या गाईडचा तुकडा पडला असेल तर तो चेंबरमध्ये जातो आणि तिथून पिकअपच्या जाळीवर. चेन बदलताना चेंबर उतरवावंच लागतं, तरी जाळी न धुता वर चढवलेली चेंबर कमी नसतात.

दूरदेशी | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

इकडे इंग्लंडात हेच इंजिन व्हॉक्सहॉलच्या कोर्सामध्ये, फियाट ५०० आणि पांडामध्ये, दुसऱ्या पिढीच्या 'फोर्ड का'मध्येही आहे. नाव बदलतं, चेनची रडगाणी तीच. इकडच्या गाड्यांना एक्झॉस्टमध्ये काजळीचा फिल्टर असतो, त्यामुळे एक वेगळा प्रकार दिसतो. तो फिल्टर जाळून साफ करताना जादा डिझेल सोडलं जातं, छोट्या फेऱ्यांत ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल खाली तेलात उतरतं. डिपस्टिकवर तेल *वाढलेलं* दिसलं की मालक खूश होतो, पण ते डिझेल असतं, तेल पातळ झालेलं असतं. तुमच्या २०१३ च्या स्विफ्टला हा त्रास नाही, पण इंजेक्टर ठिबकत असेल तरी हेच होतं. डिपस्टिकला डिझेलचा वास येतो का तेवढं बघा.

पेट्रोलपंप | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

अवांतर: एवढी कटकट असेल तर बेल्टवालं इंजिन बरं नाही का? बेल्टची मुदत तरी ठरलेली असते.

तेरा नंबरी पाना | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

बेल्टला तारीख असते, चेनला लक्षणं असतात. तारीख पाळणाऱ्याला बेल्ट बरा, कान असणाऱ्याला चेन. फोक्सवॅगनने लहान टीएसआय इंजिनांत चेन सोडून नव्या पिढीत बेल्ट घेतला, तो उगाच नाही. बीएमडब्ल्यूच्या एन४७ मध्ये चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, तिथपर्यंत पोचायलाच इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या मानाने अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असलेलं आपलं हे 'नॅशनल इंजिन' सोपं, चेन पुढच्या बाजूला आहे. फियाटने ते आणताना अडीच लाख किमी आयुष्याची भाषा केली होती. ते खोटं नव्हतं, पण त्यामागे वेळेवर तेल आणि पूर्ण लेव्हल हे गृहीत होतं.

अवांतर पुरे.

घाटमाथा | बुधवार, रात्री ८:३०

आज बरंच काही तपासलं.

बेल्ट काढून सकाळी स्टार्ट: खडखड तशीच, सव्वा-दीड सेकंद. म्हणजे आतली. आवाज मधल्या उंचीला, कव्हरवर.
स्कॅनर: कोड नाही, जुने साठवलेलेही नाहीत.
तेलाचा दाब: प्रेशर स्विच काढून गेज लावला. इंजिन पूर्ण गरम, आयडलवर १.१ बार, २,००० आरपीएमला २.८.
लीक-डाऊन: चारही जवळपास सारखे, इनटेक-एक्झॉस्टकडून आवाज नाही, थोडं तेलाच्या तोंडातून.
डिपस्टिक: मधोमध. डिझेलचा वास नाही.
तेल भरायचं झाकण उलटं करून पाहिलं, काळा चिकट थर आहे, पण खवले नाहीत.

नाना गॅरेज | बुधवार, रात्री ९:००

इंजिन घेण्यासारखं आहे. दाब चांगला आहे. गरम आयडलवर ०.७ च्या खाली गेला असता तर चेनपेक्षा मोठी चिंता होती. या इंजिनात ऑइल पंप टायमिंग कव्हरमध्येच, क्रँकवर बसतो, पंप झिजला तर कव्हर पुन्हा उतरवा. व्हॉल्व्ह शाबूत आहेत.

पण चेन किट पूर्ण पुन्हा करावं लागेल, आज नाही तरी वर्षभरात. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. 'चेन नवी आहे' याची किंमत शून्य धरा.

खुळखुळा | बुधवार, रात्री ९:२०

आधी तेल आणि अस्सल फिल्टर बदलून तीनशे किमी चालवून बघायला काय हरकत? आवाज फिल्टरचा निघाला तर कव्हर उघडायची घाई नको.

तेरा नंबरी पाना | बुधवार, रात्री ९:४०

तेल-फिल्टर बदला, नक्की बदला. आवाज कमी होईलही. पण जुन्या स्प्रॉकेटवरची चेन आणि एक जुनी गाईड त्याने नवी होणार नाही. गाईडचं प्लास्टिक किमीपेक्षा उष्णतेने आणि वयाने ठिसूळ होतं. २०१३ ची गाईड आहे ती. तिच्यावर जुन्या चेनच्या दोन चऱ्या पडलेल्या असणार, नवी चेन त्याच चऱ्यांत चालतेय. एवढं कव्हर उघडून ती गाईड तशीच ठेवणाऱ्याने काय वाचवलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

घाटमाथा | गुरुवार, सकाळी ८:१०

ठरलं. किंमत कमी करून घेतोय, किट पूर्ण करणार. या वेळी काम करताना समोर उभं राहून काय काय बघायचं ते क्रमाने सांगाल का? शक्यतो कुठे चुकतात ते.

तेलकट हात | गुरुवार, सकाळी ११:३०

सविस्तर लिहितो, सेव्ह करून ठेवा.

पहिली चूक इंजिनाला टेकू देण्यात होते. उजवं माउंटिंग काढावं लागतं आणि नेहमीच्या सवयीने लोक चेंबरखाली जॅक लावतात. इथे चेंबरच उतरवायचं आहे. त्यामुळे इंजिन वरून, आडव्या बारला साखळीने टांगलेलं हवं. चेंबर सीलंटवर चिकटलेलं असतं. पातळ पात्याने कडेने सोडवायचं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की कड वाकते आणि नंतर कितीही शेलॅक लावा, गळतच राहतं.

लॉकिंग पिनांशिवाय काम सुरूच करू देऊ नका. क्रँकची पिन गिअरबॉक्सच्या बाजूने फ्लायव्हीलमध्ये जाते, कॅमच्या पिना वर हेडच्या भागात. चेन एकच कॅम फिरवते, दुसरा त्याला गिअरने जोडलेला आहे. पांढऱ्या पेंटची खूण करून 'जुळवलं की झालं' म्हणणारे भेटतील. पण जुन्या चेनवर केलेली खूण झिजलेल्या टायमिंगचीच खूण असते. आणि पिना *जागा दाखवायला* आहेत, जोर झेलायला नाहीत. क्रँकचा बोल्ट सोडताना फ्लायव्हील वेगळ्या टूलने धरायचं. पिनांवर जोर दिला की पिन वाकते किंवा कास्टिंगचा कान तुटतो.

आता तो बोल्ट. त्याला उलटे आटे आहेत. नेहमीसारखा डावीकडे फिरवला की तो आणखी घट्ट होतो, मग पाइप लावून जोर, मग बोल्टाचं डोकं जातं. हा बोल्ट नवाच लावायचा आणि टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, शेवटी अंशांत फिरवून. इम्पॅक्ट गनने 'टाइट झाला' म्हणून सोडून द्यायचा नाही.

टायमिंग कव्हरचे बोल्ट सगळे एका लांबीचे नाहीत. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्या-त्या जागी खोचून ठेवायला सांगा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, कव्हर घट्ट वाटतं पण बसलेलं नसतं.

चेन उतरली की जुनी आणि नवी दोन्ही आडव्या धरा, म्हणजे कड्या बाजूकडे वाकतील अशा. नवी जवळपास सरळ राहते, झिजलेली टोकाला खाली लोंबते. २४,००० किमी चाललेली ती चेन किती लोंबते ते बघून फोटो टाका. इथल्या सगळ्यांच्या कामाला येईल.

नवा टेन्शनर पिनने दाबून धरलेला येतो. स्वच्छ तेलाने भिजवून बसवायचा, दोन्ही गाईड आणि चेन लागल्यावर पिन ओढायची. पिन ओढायची राहिली तर इंजिन स्टार्ट होताच दात चुकतात. हे घडतं.

मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे, इंजिनाच्या दिशेनेच, आणि लॉकिंग पिना पुन्हा टाकून बघायच्या. सहज गेल्या पाहिजेत. हातोडीने ठोकून गेल्या तर गेल्या नाहीत असं समजायचं. फेरे देताना ते उलटे आटे लक्षात ठेवा. इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं, आणि त्याच दिशेने हा बोल्ट *सुटतो*. त्यामुळे पूर्ण टॉर्क देण्याआधी बोल्टाला पाना लावून फेरे देऊ नयेत. वरच्या गिअरमध्ये टाकून चाक फिरवून फेरे देणं बरं.

कव्हर लावण्याआधी दोन्ही पृष्ठभागांवरचं जुनं सिलिकॉन (सीलंट) पूर्ण काढायचं. नवं दोन-तीन मिमीच्या एकसंध रेषेत, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलेलं सिलिकॉन बाहेर दिसतं ते पुसता येतं, आत जातं ते पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतं. चेन बदलल्यावर चार-पाच हजार किमीत टर्बो गेला किंवा तेलाचा दिवा लुकलुकला, अशा गाड्यांत जाळीवर राखाडी सिलिकॉनच्या शेवया मिळतात.

कव्हर उघडं असताना पंपात तेल भरून ठेवा, कोरडा पंप सुरुवातीला हवाच ढकलतो. पिकअपचं सील नवं. सिलिकॉनला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, घाईत तासाभरात स्टार्ट नको, रात्रभर ठेवता आली तर उत्तम. पहिली स्टार्ट: इंजेक्टरचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद दोन-तीनदा नुसता स्टार्टर, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग कनेक्टर लावून स्टार्ट. कोड येतील ते पुसून टाका.

बेल्ट आणि वॉटर पंप हातासरशी बघून घ्या, तिकडचं सगळं उघडलेलंच आहे.

नाना गॅरेज | गुरुवार, दुपारी २:१५

यात एक जोडतो. पहिलं तेल ८०० ते १,००० किमीलाच बदला. तुमच्या झाकणाखाली काळा थर आहे, नवं चांगलं तेल तो सोडवत नेतं आणि फिल्टर लवकर भरतो. काढलेला कार्ट्रिज ब्लेडने उभा कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. काळं पीठ चालतं. प्लास्टिकचे तुकडे किंवा पोलादाची चकाकती चुरी दिसली आणि ती चुंबकाला चिकटली, तर थांबा. फ्लशिंगचं ते पातळ औषध मात्र टाकू नका. थर एकदम सुटून जाळीवर जातो.

दूरदेशी | गुरुवार, दुपारी ४:४०

आणि 'किती किमी' या मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही.

तेरा नंबरी पाना | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

पूर्ण किट, अस्सल किंवा मूळ उत्पादकाच्या दर्जाचं, जाळी साफ, ५डब्ल्यू-३० दर ७,५०० ला, दर १,००० किमीला डिपस्टिक: पुन्हा सव्वा ते दीड लाख किमी चेन पुरायला हरकत नाही. तोपर्यंत टर्बो, इंजेक्टर किंवा क्लच आधी पैसे मागतील. सध्या आहे तशी, १५डब्ल्यू-४० वर, जुन्या स्प्रॉकेटसकट: मी २०-३० हजारांपुढचा हिशोब धरणार नाही, आणि त्यातही सकाळची खडखड तीन सेकंदांच्या वर गेली की त्या दिवशी गाडी चालवत गॅरेजला नेणार नाही, टो करून नेईन.

एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा हे इंजिन नव्या गाड्यांतून गेलं. रस्त्यावर आहेत ती सगळी आता चेनच्या वयातच आहेत. किट सध्या सहज मिळतं, त्यात नकलीही भरपूर. खोक्यापेक्षा चेन बघा. अस्सल चेनच्या कड्यांवर उत्पादकाची खूण कोरलेली असते, आणि दोन स्प्रॉकेट तळहातावर ठेवून दात बघितले तर कडा स्वच्छ असतात, खरचटल्यासारख्या नाहीत.

घाटमाथा | पुढचा रविवार, दुपारी १२:०५

काम झालं. जुनी चेन आडवी धरली: नव्या चेनच्या शेजारी टोकाला साधारण दोन बोटं खाली. २४,००० किमीची. स्थिर गाईडवर दोन खोल चऱ्या, खालच्या टोकाला एक कपचा उडालेला. तो कपचा जाळीवर सापडला, बरोबर सिलिकॉनच्या तीन-चार शेवया, मागच्या कामाच्या. क्रँक स्प्रॉकेटचे दात एका बाजूने झुकलेले.

सकाळची स्टार्ट आता शांत. गरम आयडलवर दाब १.३.

एक प्रश्न उरला: टायमिंग कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात, चेंबर आणि ब्लॉक मिळतात तिथे, हलका ओलावा दिसतोय. थेंब पडत नाही.

तेलकट हात | पुढचा रविवार, दुपारी १२:४०

तीन पृष्ठभाग मिळतात त्या कोपऱ्यात सिलिकॉनचा जादा ठिपका लागतो, तो राहिला असेल. ब्रेक क्लीनरने पुसा, टॅल्कम पावडर फुंकरा, शंभर किमी चालवून बघा. पावडर नुसती पिवळी पडली तर पुढच्या तेलापर्यंत सोडून द्या. ओघळ दिसला तर हजार किमीच्या तेलबदलाला चेंबर उतरवून तोच कोपरा करून घ्या. आणि हो, आधी वर फिल्टरच्या घराची ओ-रिंग बघा. तिथून उतरलेलं तेलही याच कोपऱ्यात येऊन थांबतं.